रविवारचं मटण

“आजपासून या घरात एकच भांडं चढेल,” बाप म्हणाला. “ज्याला खायचं त्यानं खावं, ज्याला नाही त्यानं बाहेर सोय बघावी.”

हे तो मुलाला ऐकवत होता, पण बघत होता बायकोकडे. ती शेगडीपुढे उभी होती. मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं आणि शेजारच्या कढईत फ्लॉवर-बटाट्याची भाजी. बाप कारखान्यात फोरमन होता. तिथे एकदा सांगितलं की माणसं कामाला लागत, म्हणून घरीही तो एकदाच सांगे.

मुलाने तीन महिन्यांपूर्वी मांसाहार सोडला होता. तोवर बहिणीच्या ताटातली तंगडी पळवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मग त्याने फोनवर कोंबड्यांच्या हालांची चाळीस मिनिटांची फिल्म बघितली आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला तो घरातल्या सगळ्यांपेक्षा वर जाऊन बसला. सोडलं तर सोडलं, गप्प बसावं. पण मग सोडल्याचा उपयोग काय? त्याला वेगळी कढई लागली, वेगळी सुरी लागली, वेगळी घासणीसुद्धा लागली. घासायचं आईने. इतरांनी पहिला घास तोंडात घातला की याला मेलेल्या जनावरांबद्दल बोलायला सुचे. मुक्या जिवांचं दुःख त्याला लांबून दिसायचं, मोरीतली भांडी मात्र दिसत नसत.

बापही त्यातलाच. मटण न खाणारा माणूस त्याच्या लेखी अर्धा आजारी. तो मुलाला ससा म्हणे आणि पाहुण्यांसमोर त्याच्यापुढे कोथिंबिरीची जुडी ठेवी. धाकटी कॉलेजात होती. ती भावाला महाराज म्हणे आणि त्याच्याकडे बघत बघत हाडं चोखी. थोडक्यात, नाकाने कांदे सोलणारा एक आणि त्याची टर उडवणारे दोघे, असं तिघांचं छान चाललं होतं. आई वाढत असे.

आज सकाळी मात्र मुलाने कहर केला. मटणाचा चमचा आपल्या भाजीत बुडाला असा त्याला संशय आला. त्याने आईला ती भाजी टाकून द्यायला लावली आणि दुसरी करायला लावली. बापाने वर्तमानपत्राआडून सगळं ऐकलं आणि उठून हुकूम सोडला.

तेवढ्यात मटण उतरवायची वेळ झाली. या घरात एक रीत होती. पातेलं उतरवण्याआधी आई बापाला हाक मारी. तो यायचा, तिच्या हातातला चमचा घ्यायचा, डोळे मिटून रस्सा चाखायचा आणि निकाल द्यायचा. मीठ कमी, तिखट बेताचं, दोन मिनिटं अजून. माझ्या जिभेशिवाय आमच्याकडे पातेलं खाली येत नाही, हे तो कारखान्यात चारचौघांना सांगत असे.

आईने चमचा पुढे केला. बाप रागात होता, त्याने हात मागे बांधले.

“आज तूच चाख,” तो म्हणाला.

“मला नाही कळायचं.”

“एवढी वर्षं करतेस आणि मीठ कळत नाही?”

“मी खात नाही,” ती म्हणाली. “धाकटी पोटात होती तेव्हापासून. एकोणीस वर्षं झाली.”

बाप हसायला गेला, पण हसू आलं नाही. तिघेही आठवायला लागले. इतके रविवार, इतकी लग्नं, इतके पाहुणे. ती कायम सगळ्यांच्या मागून जेवायची आणि तोवर हे तिघे हात धुऊन पसरलेले असायचे. तिला मटण खाताना कुणी पाहिलं नव्हतं. न खाताना तर नाहीच नाही. आणि आपल्या जिभेचा मान म्हणजे काय होतं, हेही बापाला आत्ता कळलं. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

धाकटीने हळू आवाजात विचारलं, रविवारी मग तू काय खायचीस. आईने सांगितलं की दही-भात. गेले तीन महिने मात्र याच्या कढईतलं उरलेलं खाते, त्यामुळे रविवारीही भाजी मिळते.

एखाद्याची मान खाली गेली असती. बाप म्हणाला की आधी सांगायला काय झालं होतं, आम्ही काय खाऊन टाकलं असतं का तुला. मुलाला तर वेगळीच टोचणी लागली होती. घरात आपल्याआधी कुणी शाकाहारी होतं, हे त्याच्या पचनी पडेना. त्याने आईची चौकशी सुरू केली. प्राण्यांसाठी सोडलं का? नाही. तब्येतीसाठी? नाही. मग?

“आवडेना,” आई म्हणाली.

मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याने समजावून सांगितलं की याला काही शाकाहार म्हणत नाहीत, त्याला विचार लागतो. बापाने मान डोलावली. तो म्हणाला की पोरगा निदान विचार करून सोडतो, ही नुसती नाकं मुरडते. तीन महिन्यांत बापलेकाचं पहिल्यांदा एकमत झालं. त्या आनंदात बापाने हुकूमही मागे घेतला. मुलाची कढई चालू राहील, असं त्याने जाहीर केलं. तिघे टेबलाशी बसले आणि बापाने सांगितलं, चल, वाढ आता, भूक लागलीय.

आईने शेगडी बंद केली. कढईतली भाजी तिने सगळीच्या सगळी एका ताटात काढून घेतली, शेजारी भात घेतला आणि ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसून जेवायला लागली.