दंडारी शिवेवर थांबली

दंडारी शिवेवरच थांबली. ढोल गप्प झाले. मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी रस्त्यातच उभे राहिले. त्यांचे नाचते पाय एकदम साध्या माणसांचे झाले.

दिवाळीत गोंडांची ही नाचणारी मंडळी गावोगाव पाहुणी म्हणून जायची. या गावात मात्र कधीच येत नसे. शेजारून जातानासुद्धा ढोल बंद ठेवून जायची. यंदा भगवानराव स्वतः जाऊन बोलावणं देऊन आले होते. कुसुमबाई आरतीचं ताट घेऊन नवऱ्याशेजारी उभ्या होत्या. मागे मोबाइल वर धरून अख्खं गाव.

मंडळींचा म्होरक्या जंगू पुढे आला. तो आणि भगवानराव एकाच वयाचे. तलमडुगूच्या बाजाराच्या दिवशी दोघं एकाच बाकड्यावर चहा प्यायचे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, सुनांची कौतुकं सांगायचे. एक गोष्ट तेवढी दोघांनीही इतक्या वर्षांत काढली नव्हती.

"तू बोलावलं म्हणून आलो, भगवान," जंगू म्हणाला. "पण कोणाच्या गावात बोलावून राह्यला, ते सांग. मंग पाय टाकतो."

भगवानरावांच्या मुलाने, राजकुमारने, वडिलांच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, आपल्या सगळ्यायच्या गावात, असं म्हणा अन् मोकळे व्हा. उद्या कोणी जमिनीचं काढलं म्हणजे?"

भगवानरावांनी तोंड उघडलं. हात नुसताच टोपीकडे गेला.

"बोला ना हो," कुसुमबाई म्हणाल्या. "रोज राती मले बोलून दाखवून राह्यले. माह्यं पाठ झालं, तुमचंच नाई?"

जंगू हसला. मग भगवानरावही हसले, आणि हसता हसता त्यांना आवाज सापडला.

"तुमच्या गावात," ते म्हणाले. मग गावाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "यायच्या गावात. इथं यायची घरं होती. आपण मागून आलो." त्यांनी रस्त्यालगतच्या पांढऱ्या फुटलेल्या कापसाकडे हात केला. "ह्या वावराले आपण जळकं म्हणतो. वीज पडली होती म्हणून, असं मले सांगतलं. मीबी पोरायले तेच सांगत आलो. वीज नोती. माह्या आज्यानं माणसं आणून घरं पेटवली. हे लोक पळाले अन् जमीन आमची झाली. मी तवा लहान होतो. धूर मी पायला. आभाळात एक ढग नोता."

कोणी खोकलं. दोन-तीन मोबाइल खाली झाले.

"मायनं माह्या तोंडावर हात दाबला होता," जंगू म्हणाला. "रडू नाई म्हणून." एवढंच. आवाज बाजारातल्यासारखाच, धीमा.

"मोहाच्या झाडाच्या बुडाशी तुमचे देव होते," भगवानराव म्हणाले. "कुंपण काढलं. तेवढ्या जागेत यंदा कापूस नाई लावला. ती जागा तुमची. कागदबी करून देतो. राजकुमारले अजून पटलं नाई."

जंगू राजकुमारकडे वळला. "तुह्या बापानं सांगतलं. पण तो काय अन् मी काय, आता किती दिवसाचे? आमच्यामागं कोणी विचारलं, हे वावर जळकं काऊन, तर तू काय सांगशील?"

राजकुमारने मान खाली घातली. "आता वीज थोडीच म्हणता येते? सगळ्यायनं ऐकलं."

"ऐकलं नसतं तर?"

राजकुमारची मुलगी रुपा आजीच्या पदराशी उभी राहून गुसाड्यांचे टोप बघत होती. तिने बापाकडे पाहिलं.

"हिले सांगीन," तो म्हणाला. शब्द जड गेले. "माह्या पणज्यानं जाळलं, असंच सांगीन."

जंगूने त्याला शाबासकी दिली नाही. फक्त मान हलवली आणि कुसुमबाईंसमोर कपाळ पुढे केलं.

"लावा, वहिनी. पोट्टे उपाशी हायेत."

"लावते, जंगूभाऊ," कुसुमबाई म्हणाल्या. कुंकू लावताना थोडं त्याच्या नाकावर सांडलं. गुसाडी खो खो हसले. ढोल वाजू लागले.

पण मंडळी गावाकडे गेली नाही. जंगूच्या मागोमाग ती जळक्यात शिरली. एकही बोंड तुटू नये म्हणून सगळे एका ओळीत, अंग चोरून चालत होते. मोहापाशी त्यांनी देवांना हात जोडले. तिथून जंगू एकटाच पुढे निघाला. झाडाकडे मागे वळून बघायचा, थोडा डावीकडे सरकायचा, पुन्हा बघायचा. दोन ओळींच्या मधे एका जागी तो थांबला. तिथे कापसाशिवाय काहीच नव्हतं.

त्याने खांद्यावरचा दुपट्टा अंथरला आणि बसला. बराच वेळ शेजारच्या मातीवरून तळहात फिरवत राहिला.

भगवानराव काही अंतरावर उभे होते. जन्मभर ज्या वावरात ते राबले, त्यात पुढे जावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

जंगूने मान वर केली. अंगाखालचा दुपट्टा ओढून त्याने शेजारी जागा केली.

"ये ना, भगवान," तो म्हणाला. "घरी आल्यावर असं उभं राहते का कोणी?"