बिजलीचं नाक

पोलिसांच्या श्वानपथकात गांजा-गुटखा हुडकणारी बिजली निवृत्तीनंतर सर्जेराव हवालदारांच्या घरीच राहिली. म्हातारपणी तिचं नाक कोरडं पडलं, भेगाळलं. पुढ्यातली भाकरीसुद्धा ती हुंगेना.

शेवंताबाईंनी खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण गरम पाण्यावर वितळवून मलम केलं.

"एवढ्यानं होईल?" नवऱ्यानं विचारलं.

"बघू तर."

रोज मलम लावायचं आणि बिजलीनं ते चाटू नये म्हणून तिचा गळा खाजवत बसायचं. हळूहळू भेगा भरल्या.

एका सकाळी बिजली उठली आणि जमीन हुंगत माजघरात निघाली. हिला झालंय तरी काय, म्हणून शेवंताबाई मागोमाग गेल्या. माल सापडला की बसायला पथकात शिकवलं होतं, तशी बिजली जुन्या ट्रंकेपाशी ताठ बसली.

ट्रंकेत हवालदारांची वर्दी होती. तिच्या खिशात तंबाखूची ताजी पुडी निघाली. तोंडाच्या ऑपरेशननंतर त्यांनी देवाची शपथ घेऊन तंबाखू सोडली होती!

"अहो, हे काय?"

मागून आलेल्या सर्जेरावांचं पुडीकडे लक्षच नव्हतं. बिजलीचं तोंड ओंजळीत धरून ते रडत होते. "अगं, हिला वास येतोय!"

शेवंताबाईंनी डोळे पुसले, पुडी केरात टाकली आणि बिजलीजवळ बसून विचारलं, "आणखी कुठं आहे गं?"