असा शब्दच नाही

"असा शब्दच नाही, भावोजी," संध्या म्हणाली आणि तिने चहाचा कप खाली ठेवला.

सर्वेशने नुकताच फोन ठेवला होता. पलीकडच्या माणसाला तो एवढंच म्हणाला होता, "हो, प्रीपोन झालंय." संध्या शाळेत इंग्रजी शिकवायची. जेवताना दाताखाली खडा यावा तसा तो शब्द तिला लागला.

"पोस्टपोन असतं. प्रीपोन हे आपल्याकडच्या हापिसांनी काढलेलं खूळ आहे. मुलांनी लिहिलं तर मी सरळ लाल रेघ मारते."

"अहो वहिनी, अख्खी मुंबई वापरते."

"मग अख्खी मुंबई चुकते."

आप्पा हसले. सासरेबुवा दारापाशी बसून नारळाला सोनेरी कागद गुंडाळत होते. नारळी पौर्णिमा परवावर आली होती. मासेमारीची बंदी उठली तशा मिरकरवाड्यातल्या बऱ्याच बोटी बाहेर पडल्या होत्या. पण दर्याला नारळ दिल्याशिवाय आप्पांची बोट धक्का सोडत नसे. त्यात कालपासून दक्षिणेचा वारा सुटलेला. थोरला अजिंक्य, संध्याचा नवरा, बोटीवर तांडेल होता, बोट त्याच्याच हुकमाने चालायची. सकाळी तो जाळी भरायला जेटीवर निघाला तेव्हाच त्यांनी त्याला बजावलं होतं, पुनवेआधी नाय. अजिंक्य बापाचा शब्द मोडणारा नव्हता.

धाकट्या सर्वेशचं मात्र डोकं फिरलं होतं. मुंबईची नोकरी सोडून तो बोटीचा व्यवहार बघायला आला होता. लोकांच्या बोटी मासळी ओतताहेत आणि आपली धक्क्याला झोपलीय, म्हणून दोन दिवस धुसफुसत होता. आज स्वारी भलतीच खुशीत होती.

"त्या शब्दाचा अर्थ काय रं?" आप्पांनी विचारलं.

"ठरल्या दिवसाच्या आधीच करून टाकायचं, आप्पा."

"मग आधी ठरवायचा कशाला?"

संध्या खळखळून हसली. "ऐका! आणि काय एवढं प्रीपोन झालंय?"

"मिटिंग हो. मुंबईच्या पार्टीबरोबर." सर्वेशने खुर्ची उचलून खिडकीसमोर घेतली. "द्या तुमचा मोबाइल. माझं नेट संपलंय. डिक्शनरीतच बघू."

संध्याने मोबाइल दिला. दीर-भावजयीचे असले वाद घरात नेहमीचे होते. सर्वेश कधी हार मानत नसे. तो मुद्दाम डिवचायचा आणि ती चढायची. शब्दांच्या बाबतीत बाई भारी काटेकोर, इंग्रजीत आणि मराठीतही. बोटीचा दोर सोडण्याआधी अजिंक्य तिला फोन करायचा, तेव्हा ती फक्त म्हणायची, "या." जा कधीच नाही. ती हर्णेच्या कोळ्याची लेक. दर्यावर निघालेल्या माणसाला तिच्या माहेरी कुणी जा म्हणत नसे. तिचं उत्तर आल्याशिवाय अजिंक्यही दोर सोडत नसे.

सर्वेशच्या हातात मोबाइल थरथरला. त्याने अंगठा फिरवला.

"शाळेचा ग्रुप," तो म्हणाला. "फार बडबडतात हो तुमचे लोक. बरं, मला सांगा, पोस्टपोन चालतं, तर प्रीपोननं काय घोडं मारलंय?"

झालं. बाईंना वर्गच मिळाला. ती बोलत राहिली. सर्वेश मान डोलवत टाइप करत होता.

"एवढ्याशा शब्दाला किती टाइप करताय?"

"स्पेलिंग जमत नाय, वहिनी. तुम्ही बोला."

मोबाइल आणखी दोनदा थरथरला. वाऱ्याने दार धाडकन आपटलं. आप्पांचे हात थांबले.

"वारा पालटला," ते म्हणाले. "मी जरा जेटीवर जाऊन येतंय."

"बसा हो आप्पा!" सर्वेश जवळजवळ ओरडलाच. मग हसला. "निवाडा कोण देणार? वहिनी म्हणतात शब्द नाही, मी म्हणतो आहे."

आप्पा पुन्हा बसले. त्यांना दोघांचं भांडण मनापासून आवडायचं. संध्याने आणखी एकदा चहा टाकला. तो पिऊन झाला तरी वाद चालूच होता. जिंकायचं या एकाच गोष्टीने तिला झपाटलं होतं. दार दुसऱ्यांदा आपटलं, ते तिने ऐकलंसुद्धा नाही.

सर्वेश आता खिडकीबाहेर बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने सुस्कारा सोडला.

"जिंकलात, वहिनी. नाही असा शब्द."

संध्याने टाळी वाजवली आणि मोबाइल हिसकावून घेतला. डिक्शनरीचं पान उघडंच होतं. त्यावर शब्द होता. ठळक अक्षरांत, खाली अर्थासकट.

"आहे की इथे," ती म्हणाली. "मग हरलात कशाला?"

सर्वेश अजून बाहेरच बघत होता. ती वळली. बंदराच्या तोंडापलीकडे, काळवंडलेल्या पाण्यावर, एकच बोट लाटांवर आपटत दूर चालली होती. तिच्या डोलकाठीवरचा भगवा संध्याने स्वतः शिवला होता.

तिने अजिंक्यला फोन लावला. रिंग वाजत राहिली. बोट सुटली की तो मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवायचा.

"आपली?" आप्पा मागे येऊन उभे होते. हातात नारळ तसाच होता. "पन मी नाय म्हटलेला त्याला. माझा शब्द मोडून गेला?"

संध्याने मोबाइलकडे पाहिलं. अजिंक्यचे तीन कॉल येऊन गेले होते. त्याखाली तिच्या नावाने त्याला एक उत्तर गेलं होतं.

"आप्पा हो म्हणाले. जा."