पहिल्या रांगेतली खुर्ची

तंजावरातल्या एका मराठी मंडळात पहिल्या रांगेत कुणी बसायचं हे वयावर ठरत नसे. ज्याचं पोर जास्त दूर, त्याचा मान मोठा. अंतर मोजायचं ते तिरुची विमानतळापासून. वेंकटरमणरावांचा विश्वेश ह्यूस्टनला, म्हणजे पंधरा हजार चारशे किलोमीटरवर, त्यामुळे मधली खुर्ची सहा वर्षं त्यांचीच. गेल्या साली पोर टोरांटोला असलेल्या रघोत्तमरावांनी सिंगापूरवरून वळसा घालून साडेचार हजार वाढवून पाहिले, पण वेंकटरमणरावांनी भर सभेत फोन काढून सरळ रेषेतलं अंतर दाखवलं आणि त्यांना परत दुसऱ्या रांगेत बसवलं.

यंदाच्या मेळाव्याला आठवडा असताना विश्वेशचा फोन आला.

"अप्पा, मला तिरुचीत नोकरी मिळाली. कायमचा येतोय. रोज घरूनच जाईन."

"विमानतळापासून आपलं घर म्हणजे पंचावन्न किलोमीटर," राव पुटपुटले. मग म्हणाले, "ये बाबा. पण कुणी विचारलं तर सुटीवर आलोय म्हणून सांग."

"आणि अम्माला?"

रावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सुंदरीबाई दर उन्हाळ्यासारखे यंदाही लेकाच्या नावानं वाळवलेले तांदळाचे वडाम डब्यात भरत होत्या. रावांनी आवाज आणखी खाली आणला.

"तिला तर मुळीच सांगू नकोस. आनंदाच्या भरात गावभर सांगत सुटेल."