नारळापुढची बेंजो पार्टी

तिने बाळाच्या कानात कापसाचे बोळे घातले, तरी डीजेच्या प्रत्येक दणक्याला ते दचकत होतं. नारळी पौर्णिमेला दर्याला वाहायच्या सोन्याच्या नारळापुढे कायम तिच्या आजेसासऱ्यांनी उभी केलेली बेंजो पार्टी चालायची. यंदा मंडळाने डीजे आणला आणि पार्टीला मिरवणुकीच्या शेपटाला ढकललं.

"यंदा मागं, पुढल्या वर्षी घरीच बसा!" अध्यक्ष हसत म्हणाले होते. गळ्यात बेंजो अडकवलेले सासरे डीजेच्या ट्रकमागे जाऊन उभे राहिले. तिलाच रडू आलं.

बंदराकडच्या गल्लीपाशी मिरवणूक अचानक थांबली. मंडळाने स्पीकरची उंची पाहिली होती, गल्लीची रुंदी नाही. ट्रक आत शिरेचना; डीजे बंद करून तो बाजूला घ्यावा लागला. तिकडे भरती लागलेली, नारळ खोळंबलेला.

अध्यक्ष घाम पुसत मागे आले. "काका, पुढं व्हा."

"आमाला तर घरी बसायचं व्हतं ना रं?" म्हणत सासरे नारळापुढे जाऊन उभे राहिले. बेंजोचा पहिला सूर निघाला आणि अख्खी गल्ली नाचायला लागली, अध्यक्षसुद्धा!

तिने बाळाला उंच धरलं आणि त्याच्या कानांतला कापूस काढून टाकला.