वारं लागलेली पानं

“अण्णा, सगळं खाली घ्या,” नाक्यावरचे हवालदार म्हणाले.

बाबगोंडाने मुकाट्याने टेम्पोचा फाळका सोडला. पहाटे मळ्यात खुडलेली विड्याची पानं केळीच्या ओल्या पानांत गुंडाळून करंड्यांत रचली होती. त्यांना एकदा वारं लागलं, की बाजार गाठेपर्यंत ती काळी पडतात. गेल्या मंगळवारीही हेच झालं होतं.

“आता काय हाय म्हणं माझ्या गाडीत?”

“गुटखा. फोन आला होता.”

“कुणाचा?”

“नाव नाही सांगितलं.”

हवालदारांनी तळापर्यंत हात घालून करंड्या उपसल्या. पानांखेरीज काही हाती लागलं नाही. “आमचाही इलाज नाही, अण्णा. फोन आला की बघावंच लागतं,” म्हणत त्यांनी हात पुसले.

बाबगोंडा चिडला नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं. आपण लायसन दाखवतो, गाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, तरी आपण खोटे. आणि ज्याने नावच सांगितलं नाही, तो खरा! उघडी पडलेली पानं तो पुन्हा झाकत राहिला.

पुढच्या मंगळवारी नाक्याच्या अलीकडे त्याने टपरीवाल्याचा मोबाइल मागून घेतला आणि नाक्यावर फोन लावला.

“आत्ता पानांचा एक टेम्पो येईल. त्यात नुसती पानंच हायेत.”

“कोण बोलतंय? आधी नाव सांगा.”

“नाव सांगून बघितलं, सायेब,” बाबगोंडा थकल्या आवाजात म्हणाला, “तुमचा इस्वास बसत नाही.”