उरलेला शब्द

मॅडमनी कपाचं चित्र वर धरलं. "हे काय?"

"कटकट," बाप म्हणाला.

मग किल्ली दाखवली, मग छत्री, मग कुत्रा. सगळं कटकट. बापाला घाम फुटला. कप त्याला ओळखू येत होता, किल्लीही येत होती. तोंडातून मात्र तेवढंच बाहेर पडत होतं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तीन आठवडे हेच चाललं होतं. ऐकलेलं सगळं कळतं, फक्त बोलणं गेलंय, असं डॉक्टर म्हणाले होते.

आई बापाच्या शेजारी बसली होती, पोरगी भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची रिकामी होती, तरी बसली नाही. बरं झालं ह्यांचं बोलणं गेलं, असं तिच्या मनात आलं.

ह्या मॅडम बोलणं गेलेल्यांना परत बोलायला शिकवायच्या. त्यांनी समजावलं की सारखा तोंडात असलेला एखादाच शब्द कधीकधी मागे उरतो. तो घरी कशासाठी वापरायचे ते कळलं, तर तिथूनच पुढचे शब्द काढून बघता येतील. म्हणून खरं काय ते सांगा. त्यांनी फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं.

पोरीला माहीत होतं. आईने गोळी घेतलीत का विचारलं, की कटकट. ताट वाढलंय म्हटलं, की कटकट. पाहुण्यांना तर बाप हसत आईची ओळखच करून द्यायचा, ही आमची कटकट. पाहुणे हसायचे. आईपण हसायची आणि पाणी आणायला आत जायची.

"ग्राइंडरला म्हणायचे," आई म्हणाली. "ह्यांचं खिडक्यांच्या लोखंडी ग्रिलचं दुकान आहे ना. दिवसभर कानाशी तेच."

आईला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं हे पोरीला आजच कळलं. मॅडमनी लिहिलं, ग्राइंडर. पुढच्या वेळी त्याचा फोटो आणा म्हणाल्या.

बापाने डावा हात टेबलावर आपटला. मॅडमना वाटलं, दमला. आई त्याचं तोंड पुसायला पुढे झाली. त्याने तिचा हात बाजूला केला, मॅडमचं पेन ओढून घेतलं आणि 'ग्राइंडर'वर वाकडीतिकडी रेघ मारली. मग तेच पेन आईकडे रोखलं आणि मान खाली घातली.

"कटकट," तो म्हणाला. ऐकू येईल न येईल असं.

आईचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. काहीतरीच काय, त्यांना कळत नाहीये, असं ती पुटपुटली. मॅडमनी पेन परत घेतलं, पण लिहिलं काहीच नाही. त्या पोरीकडे बघायला लागल्या.

बापाला सुनावायला पोरीने तीन आठवडे वाक्यं जमवून ठेवली होती. एकही आठवेना.

"आईलाच म्हणतात," ती म्हणाली. "लिहा. मीपण तिला तेच म्हणते."